अँटिऑक्सिडंटच्या गोळीने कॅन्सर टळत नाही

मुक्तछंद: कालच्या एका पोस्टमध्ये छातीठोकपणे लिहिलंय, ‘कॅन्सरचं मूळ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणून अँटिऑक्सिडंटची गोळी रोज घ्या.’ राहवलं नाही. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी पेशींना होणारी इजा, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे ते रेणू निकामी करणारा पदार्थ. पहिलं अर्धं बरंचसं खरं आहे. दाह (इन्फ्लमेशन) रेंगाळला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे हेच रेणू सोडतच राहतात आणि शेजारच्या धडधाकट पेशींचा डीएनएही त्यात सापडतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनचं ८-ऑक्सोग्वानिन, म्हणजे ऑक्सिजनने बिघडलेलं रूप, झालं की डीएनएची प्रत निघताना समोर सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिन बसू शकतं. दुरुस्ती हुकली तर ती चूक पुढच्या प्रत्येक पेशीत जाते. वर दाहाचे रेणू त्याच पेशींना वाढायला लावतात. हिपॅटायटिस बी-सी (यकृताचा दाह), हेलिकोबॅक्टर (जठरातला जिवाणू), अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह), सगळीकडे हेच. पण म्हणून गोळी? फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४चा निकाल: बीटा कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त!

रानवारा: पोस्ट माझी आहे. सिगारेटवाल्यांचा निकाल सगळ्यांच्या माथी का मारता? माझी आई ऑपरेशननंतर कित्येक वर्षं या गोळ्या घेतेय. ठणठणीत आहे.

मुक्तछंद: आई बऱ्या आहेत याचा आनंदच आहे. पण ते ऑपरेशनमुळे की गोळीमुळे, कसं ठरवलंत? आणि सिगारेटचा संबंध नसलेलीही चाचणी आहे. ३५ हजारांवर पुरुष, व्हिटॅमिन ई (हेही अँटिऑक्सिडंटच), २०११चा अहवाल: प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला.

सरळरेषा: आकडे राहू द्या. बाबांचं रेडिएशन चालू असताना मी गोळ्यांची डबी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, ‘हे सगळं बंद.’ का, ते नाही सांगितलं. मग माणूस नेटवर नाही शोधणार तर काय करणार?

पाणवठा: मी ओपीडीत बसते. बाहेर रांग असते, आत एकेक नातेवाईक रडत असतो. सरसकट डॉक्टरांना बोल लावू नका. रेडिएशन बऱ्याच अंशी फ्री रॅडिकल्सच्या, म्हणजे तशाच आक्रमक रेणूंच्या, जोरावरच कॅन्सरची गाठ मारतं, गोळी तिथेच आड येईल ही भीती असते.

सरळरेषा: हे एवढं वाक्य तिथे कुणी बोललं असतं तर बाबांशी घरी भांडण झालं नसतं. ‘मला मरू द्यायचंय का तुला,’ असं म्हणाले होते ते. रांगेचं कारण मला पटत नाही.

पाणवठा: नका पटवून घेऊ. पण सांगायला हवं होतं, हे मान्य.

रानवारा: विषय कुठे गेला! दाह कमी केल्याने फायदा होतो की नाही?

मुक्तछंद: होतो, कारण काढलं तर. सिगारेट सोडा, हिपॅटायटिस बीची लस घ्या, हेलिकोबॅक्टर सापडला तर औषध पुरं करा. पेशी स्वतःचं रक्षण करायला अँटिऑक्सिडंट वापरते तशी कॅन्सरची पेशीही वापरते. बाहेरून पुरवठा केला तर तो कुणाच्या कामी येईल, हे आपल्या हातात नाही.

रानवारा: आईची गोळी मी तुमच्या सांगण्यावरून बंद करणार नाही.

मुक्तछंद: माझ्या नकोच. डबी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पोस्टमधलं ‘रोज घ्या’ तेवढं काढा.

रानवारा: तेवढं काढतो. बाकी पोस्ट राहील.