रायफलीचं वजन उतरवायचं तर दस्ता बदलावा का?

धागाकर्ता, नागपूर
आजोबांची .30-06 रायफल आता माझ्या परवान्यावर आहे. माउझर पद्धतीची बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हाताने खटका मागेपुढे ओढायचा), अक्रोडाचा अखंड दस्ता (नळीखालून खांद्यापर्यंत जाणारा लाकडी भाग), दुर्बिणीसकट चार किलो. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद होत गेली आणि रायफल कपाटात गेली. आता काटोलकडच्या वावरात रानडुकरं हरभरा उलथून टाकतात. वनखात्याचा लेखी आदेश मिळाला की जागलीला ती खांद्यावर घेऊन रात्रभर फिरायचं. ओल्या काळ्या मातीत बूटच उचलत नाहीत, त्यात हे ओझं.

माझं मत: दस्ता बदलावा. नळी विनापरवाना आखूड करणं आर्म्स अॅक्टच्या कलम 6 खाली गुन्हा आहे. रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट बसतो तो सांगाडा) पोलादी, त्यातून काढण्यासारखं काही नाही. उरतो दस्ता. लाकडी असेल तर किलो-सव्वा किलो, कार्बन फायबरचा सहाशे-सातशे ग्रॅम. अर्धा किलो एका फटक्यात उतरतं. विरोध असेल तर कारण सांगून करा.

धरमपेठकर
माझा विरोध. गोळी तीच, बारूद तीच, म्हणजे गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलणार. चारची साडेतीन किलो केली की ती सुमारे 14 टक्क्यांनी वाढते. .30-06चा धक्का आधीच मवाळ नाही. खांदा दचकायला लागला की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि गोळी डुकराच्या पोटात बसते. जखमी डुक्कर तुरीत शिरलं की पहाटे त्याच तुरीत कापणीच्या बाया जातात. ओझं तुमच्या खांद्याला, धोका त्यांना. हे मला पटत नाही.

वावरवाला, उमरेड
भाऊ, रात्रभर पायी फिरून पहा मंग बोला. दमलेल्या माणसाचा हात हालतेच, रायफल कितीबी जड असो. पन माह्याकडं इशापूर कारखान्याची .315 रायफल हाय, तिचं काय करू? मलेबी हलकी पाह्यजे.

धागाकर्ता
भाऊ, .315 ही ली-एनफिल्ड या जुन्या लष्करी रायफलीच्या घडणीची आहे. तिचा दस्ता दोन तुकड्यांत असतो, मागचा बट लांब बोल्टने रिसीव्हरला आवळलेला. बाजारातले अखंड दस्ते तिला बसणार नाहीत. तिला आहे तशी राहू द्या, रुंद पट्टा लावा.

@धरमपेठकर, धक्क्याचं गणित मान्य. पण चांगलं रबरी रिकॉइल पॅड आणि खांद्याच्या मापाची लांबी यांनी तो बराच सुसह्य होतो. आजोबांच्या दस्त्याला खांद्याकडच्या टोकाला पितळी पत्रा (बटप्लेट) आहे आणि लांबी त्यांच्या हाताची. तिचा धक्का चार किलोतही हाडावर बसतो.

रेंजवरची
मी 10 मीटर एअर रायफल खेळते. आमच्याकडे 5.5 किलोची कमाल मर्यादा आहे, आणि मुली वजन कमी करायला नाही, मर्यादेजवळ न्यायला धडपडतात. जड रायफल स्थिर राहते. शिवाय मागून अर्धा किलो काढलं की तोल नळीकडे सरकतो, डावा हात लवकर थकतो. एकूण वजनाआधी तोल कुठे येतो ते बघा.

लाकूडप्रेमी, महाल
"सिंथेटिक म्हणजे हलका" हे आधी डोक्यातून काढा. साच्यात ओतलेले स्वस्त प्लास्टिकचे दस्ते पुष्कळदा लाकडाइतकेच भरतात आणि त्यांचा पुढचा भाग हाताने दाबला तरी वाकून नळीला टेकतो. हलका हवा तर फायबरग्लास किंवा कार्बन, आणि ते महाग.

माझं म्हणणं, लाकूड ठेवा. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून रिसीव्हरपर्यंत सरकवून बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45च्या वर जातो तेव्हा ती सहज सरकेल, ऑगस्टात त्याच जागी अडकेल. लाकूड फुगून नळीला रेटतं आणि नेम हलतो. उपाय इपॉक्सी बेडिंग (रिसीव्हर बसतो ती खाच इपॉक्सीने घट्ट भरणं) आणि लाकडाला आतून ओल न लागेल असं नीट सीलिंग. टँगच्या, म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या, मागे लाकडात बारीक चीर दिसते का तेही बघा. असेल तर धक्का रिकॉइल लगवर (रिसीव्हरखालची धक्का झेलणारी खुंटी) न बसता टँगवर बसतोय.

धागाकर्ता
चीर आहे. म्हणूनच म्हणतो, पैसे घालायचेच तर ऋतूनुसार न फुगणाऱ्या दस्त्यात घालावेत. अक्रोडाचा दस्ता तेल लावून जपून ठेवीन, फेकणार नाही.

कुंपण हवं
तुम्ही सगळे ग्रॅम मोजताय. एक कळप उठवला की आठवड्यात दुसरा येतो. तेवढ्या पैशात सौर कुंपणाचा एक तुकडा होईल, आणि ते रोज रात्री जागं राहील.

वावरवाला, उमरेड
माह्या धुऱ्यावर कुंपण हाय. डुकरं खालून उकरून येतेत. दोन्ही लागते, भाऊ.

धरमपेठकर
धागाकर्ते, बदलणारच असाल तर परवानाधारक गनस्मिथकडूनच बसवून घ्या आणि दुर्बीण नव्याने झिरो करा, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवा. बेडिंग बदललं की आधीचा नेम धरता येत नाही. अर्धा किलो उतरवण्याला माझा विरोध कायम आहे. त्यातलं निम्मं उतरवा, पॅड लावा, बाकीचं राहू द्या.

धागाकर्ता
निम्म्यावर नाही थांबणार. पण हलक्या दस्त्याने रेंजवर बसून, मग उभ्याने, माझा ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) फाकला तर ती वावरात नेणार नाही. एवढं कबूल.