मदत हवी आहे: इओसिनोफिलिक सिस्टायटिस, स्टेरॉइड कमी केले की त्रास परततो

माझ्या वडिलांना (वय ६४, मधुमेह आहे) इओसिनोफिलिक सिस्टायटिस हा मूत्राशयाचा आजार असल्याचे पाच महिन्यांपूर्वी बायोप्सीतून निष्पन्न झाले. १९६० साली प्रथम नोंदवला गेलेला हा आजार इतका विरळ आहे की, आम्ही दाखवलेल्या दोन यूरोलॉजिस्टपैकी एकांनी तो प्रत्यक्ष कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले, याचे मला बरेच वाटले.

सुरुवात जळजळ, वारंवार लघवी आणि मधूनच रक्त अशी झाली. कल्चरमध्ये जंतू वाढत नसतानाही आठ महिने अँटिबायोटिकचे कोर्स चालू राहिले. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड दिसल्यावर कर्करोगाची शंका आली. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात मात्र स्नायूच्या थरापर्यंत इओसिनोफिल (ॲलर्जीत किंवा कृमी झाल्यास वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी शिरलेल्या आढळल्या. रक्तात त्या वाढलेल्या नव्हत्या, म्हणून आधी तिकडे कोणाचे लक्ष गेले नसावे. क्षयाची तपासणी झाली, आणि आमचे गाव गुहागरकडचे असल्याने १९५२च्या सुमारास तिकडच्याच गिमवी गावात आढळलेल्या, ओढ्यानाल्यांच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या शिस्टोसोमा कृमीचाही विचार झाला (लहानपणी कोणत्या ओढ्यात डुंबायचा, हेही डॉक्टरांनी वडिलांना विचारले!). दोन्ही निघाले नाही. ॲलर्जीच्या शंकेने गुडघ्यांसाठीचे एक चूर्ण तेवढे बंद केले आहे.

खरी काळजी मूत्रपिंडाची आहे. सुजलेल्या भिंतीत डाव्या मूत्रवाहिनीचे तोंड आवळले जाऊन वर लघवी तुंबली, ते मूत्रपिंड फुगले आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.१ वरून १.९ वर गेले. मूत्रवाहिनीत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) घालून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर ते १.४ वर आले. पण गोळी १० मिलिग्रॅमच्या खाली आणली की आठवड्याभरात त्रास परततो, असे दोनदा झाले. वडील प्लास्टिकच्या मापाने लघवी मोजून वहीत लिहितात: परवा रात्रीच्या अकरा नोंदींत सर्वांत मोठा आकडा ८० मिली होता. आणि डोस वाढवला की साखर २५०च्या पुढे जाते.

आपल्यापैकी कोणाला, किंवा घरच्या कोणाला, हा आजार झाला असल्यास, अँटिहिस्टामिन व माँटेल्युकास्ट (ॲलर्जीवरची औषधे) किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) यांच्या आधाराने स्टेरॉइड कमी करता आले का? सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडालाही बाधू शकते, म्हणून आमचे डॉक्टर सध्या कचरत आहेत. स्टेंट काढल्यावर मूत्रपिंडाची सूज परत आली का, आणि त्यानंतर क्रिएटिनिन व सोनोग्राफी किती दिवसांनी करत होता? नेफ्रोलॉजिस्टकडे (मूत्रपिंडतज्ज्ञाकडे) आत्ताच जावे का, याविषयीही अनुभव कळवावा. स्टेंट बदलायचा की काढायचा, हे तीन आठवड्यांत ठरवायचे आहे.