ब्रॉडबँड बदललं आणि ऑफिसातून मेल जाणं बंद झालं – काय करावं?

वर्कशॉपवाली, भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे, ऑफिसचं सगळं मी बघते. मागच्या महिन्यात जुनी लाइन काढून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं. स्पीडबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून आउटलुकमधून मेल येतात, जात नाहीत. आउटबॉक्समध्ये पडून राहतात आणि बऱ्याच वेळाने ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही’ असं येतं. प्रिंटरवर स्कॅन करून थेट मेल करायची सोय होती, तीही बंद पडली आहे. गंमत म्हणजे माझ्या फोनवरून, त्याच वायफायवर, त्याच पत्त्यावरून मेल व्यवस्थित जातो.

नेटवाल्यांना फोन केला की ‘लाइन चालू आहे मॅडम’ एवढंच उत्तर मिळतं. कोटेशन वेळेत पोचलं नाही तर ऑर्डर दुसरीकडे जाते, म्हणून घाई आहे. लाइन परत बदलू, स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेऊ, की मेलच दुसरीकडे हलवू? आमच्या डोमेनचा मेल वेबसाइटच्या होस्टिंगवरच आहे.

चाकण प्लांट

नेटवाल्यांकडून स्टॅटिक आयपी घ्या आणि पोर्ट २५, म्हणजे मेल जाण्याचा २५ नंबरचा मार्ग, उघडून मागा. आमच्याकडे लेखी अर्ज दिल्यावर उघडून दिलं होतं.

कर्वे रोड नेटवर्क

ताई, पोर्ट २५ उघडून घेण्याच्या मागे लागू नका. चाकणकरांचा स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर त्यांना ते लागतं, तुम्हाला नाही.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फोनवरून त्याच वायफायवर मेल जातो, म्हणजे लाइन ठीक, होस्टिंगचा सर्व्हर ठीक, पासवर्डही ठीक. फरक फक्त दोन ठिकाणच्या सेटिंगचा आहे. फोनमध्ये आउटगोइंग सर्व्हरचा पोर्ट ५८७ किंवा ४६५ असणार आणि आउटलुकमध्ये कोणीतरी पूर्वी भरलेला २५. दोन्ही उघडून शेजारी ठेवून बघा.

कारण असं. मेल पाठवायची एसएमटीपी ही पद्धत १९८२ची. तेव्हा पाठवणारा कोण हे विचारायची सोयच तिच्यात नव्हती. पुढे व्हायरस लागलेले घरगुती कॉम्प्युटर मालकाच्या नकळत पोर्ट २५ वरून स्पॅम ओतू लागले, म्हणून इंटरनेट कंपन्यांनी साध्या कनेक्शनवर तो पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद करायला सुरुवात केली. तुमच्या जुन्या कंपनीने तो उघडा ठेवला असेल, नवीने बंद ठेवला आहे. माझ्या मते नवीचं बरोबर आहे. राग यायला हवा तो त्यांच्या कस्टमर केअरला हे एका वाक्यात सांगता येत नाही याचा.

ग्राहकाने आपला मेल आपल्या सर्व्हरकडे सोपवावा यासाठी १९९८ मध्येच ५८७ हा वेगळा पोर्ट ठरला. तिथे युजरनेम-पासवर्ड दिल्याशिवाय सर्व्हर मेल घेत नाही. २०१८ पासून ४६५ची शिफारस आहे, त्यात संभाषण पहिल्या अक्षरापासून एन्क्रिप्टेड असतं. २५ आता सर्व्हर-सर्व्हरमधला.

आउटलुकमध्ये ‘माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ वर टिक करा. पोर्ट ५८७ असेल तर एन्क्रिप्शन स्टार्टटीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल. ही जोडी उलटसुलट झाली की तोच अडकलेला आउटबॉक्स परत दिसतो आणि माणूस पुन्हा नेटवाल्यांशी भांडायला लागतो.

खात्री करायची असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड सर्व्हरचं नाव आणि पोर्ट देऊन चालवा. २५ला ‘फॉल्स’ आणि ५८७ला ‘ट्रू’ आलं की शंका राहणार नाही.

वर्कशॉपवाली, भोसरी

खूप आभार! आउटलुकमध्ये खरंच २५ होता. ४६५ आणि एसएसएल केलं, अडकलेले सगळे मेल सुटले. प्रिंटर मात्र ऐकत नाही. तिथे ५५० आणि पुढे ‘रिलेइंग डिनाइड’ असं छापून येतं.

नारायण पेठ अकाउंट्स

ताई, हा आजार वेगळा आहे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जुन्या इंटरनेट कंपनीच्या मेल सर्व्हरचं नाव असणार. तो पासवर्ड न विचारता मेल घ्यायचा कारण तुम्ही त्यांच्याच लाइनवरून यायचात. आता तुम्ही बाहेरच्या, म्हणून तो नाही म्हणतोय. तिथे आउटलुकचाच सर्व्हर, पोर्ट आणि पासवर्ड भरा.

प्रिंटर जुना असेल आणि त्याला नवीन टीएलएस (एन्क्रिप्शनची पद्धत) जमत नसेल तर हट्ट करू नका. आमच्या सीए ऑफिसात आम्ही स्कॅन थेट ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकतो आणि तिथून मेल करतो. रिटर्न भरायच्या दिवसांत हेच भरवशाचं वाटतं.

प्रिंटरसाठी जीमेलचं खातं वापरायचं ठरवलं तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, ते गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केलं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो.

चाकण प्लांट

बरोबर आहे, आमचा सर्व्हर स्वतःचा आहे. तरी एक विचारतो, स्टॅटिक आयपी असला की मेल स्पॅममध्ये कमी जातात ना?

कर्वे रोड नेटवर्क

नुसत्या स्टॅटिक आयपीने नाही. त्या आयपीचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या सर्व्हरच्या नावाने लावून घ्यावं लागतं आणि ते इंटरनेट कंपनीच करू शकते. स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल नावाची यादी आहे, तिच्यात ज्या आयपींवरून थेट मेल यायलाच नको अशा रेंज असतात, घरगुती कनेक्शनच्या तर असतातच. नकाराच्या संदेशात पीबीएल दिसलं तर आपल्याला व्हायरस लागला असं समजून घाबरू नये. पासवर्ड देऊन होस्टिंगच्या सर्व्हरमार्फत पाठवणाऱ्याला त्या यादीचा त्रास होत नाही.

ताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल: लाइन बदलू नका, स्टॅटिक आयपीवर पैसे घालू नका. मेल होस्टिंगवर ठेवायचा की गूगल वर्कस्पेस, झोहो, मायक्रोसॉफ्टकडे न्यायचा, हे सावकाश ठरवा. मी स्वतः लहान ऑफिसांना हलवायलाच सांगतो. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच आयपीवरून बऱ्याच लोकांचे मेल जातात आणि एकाने स्पॅम केलं की शिक्षा सगळ्यांना. मोफत योजना घेणार असाल तर तिच्यात आयमॅप (आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल वाचायची सोय) मिळतं का ते आधी बघा, नाहीतर आउटलुक जोडता येणार नाही.

नारायण पेठ अकाउंट्स

ड्रॉइंग पाठवत असाल तर हेही धरून चाला: जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. १९-२० एमबीची फाइलही परत येऊ शकते. मोठ्या फाइलची लिंक पाठवा.

वर्कशॉपवाली, भोसरी

प्रिंटरचं फोल्डरवर केलं, छान चाललंय. मेल झोहोवर न्यायचं घरात ठरलं आहे. पण एका कस्टमरला काल गेलेला मेल त्यांच्या स्पॅममध्ये सापडला. हलवल्यावर हे थांबेल का?

कर्वे रोड नेटवर्क

हलवताना डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींमध्ये) एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) दोन्ही लावले तर बराच फरक पडेल. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे दोन्हींपैकी निदान एक असणं गूगलने सक्तीचं केलं आहे. एसपीएफची नोंद डोमेनला एकच ठेवायची. होस्टिंगची जुनी तशीच ठेवून झोहोची दुसरी जोडली तर दोन्ही निकामी होतात. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म होस्टिंगवरून मेल पाठवत असेल तर दोघांची नावं त्याच एका ओळीत घाला.

मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, तो उघडून तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ दाबा. एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तिथला मजकूर पत्ते झाकून इथे टाका, बघतो.