शब्द हवा: ‘छाटलेली ओळ’ की ‘अंत्याघाती चरण’?

टाचणी: व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’ या ऑपेरावरचा (१८४२) लेख मराठीत आणते आहे आणि ‘त्रोंको’वर अडले. शेवटच्या अक्षरावरच आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, पडतो ती ओळ त्रोंको, शब्दशः छाटलेली. त्यातल्या ‘वा पेन्सिएरो’ या समूहगीतात कवी सोलेरा ‘नाताले’चं ‘नाताल’ करतो, ‘फाताले’चं ‘फाताल’. शेपूट उरत नाही, म्हणून चाल ठाम थांबते. मी ‘छाटलेली ओळ’ लिहिलं, संपादकांनी ‘अंत्याघाती चरण’ केलं. तुम्ही काय लिहाल?

उंबरठा: अंत्याघाती. ‘छाटलेली’ वाचून वाटेल, कवीचं अक्षर चुकून गळलंय.

दीडमात्रा: पण छाटलंय हे खरंच आहे ना? आणि ‘स्द्रुच्चोलो’ला, म्हणजे आघातानंतर दोन अक्षरं उरतात त्या ओळीला, ‘घसरती’ म्हणा, किती बोलका शब्द! व्हेर्दीच्याच ‘रिगोलेत्तो’तलं (१८५१) ‘ला दोन्ना ए मोबिले’ म्हणून पाहा. ‘न्ना’ आणि ‘ए’ एकात मिसळतात, तरी सहा अक्षरं होतात. पुढच्या ‘क्वाल प्यूमा अल वेंतो’त पाचच. तिकडचे छंदशास्त्रवाले दोन्हींना पाचाचीच ओळ म्हणतात, कारण चौथ्या अक्षरावरचा आघात महत्त्वाचा, त्यापुढे एकच अक्षर मोजतात. ‘मो’ आणि ‘वें’ दोन्ही बरोबर समेवर येतात. ‘बिले’ मागून घसरत जातं.

जुनीवही: मुळात ‘आघात’ शब्दच खटकतो. आपलं वृत्त लघुगुरूवर चालतं, आघातावर नाही.

उंबरठा: इटालियनचं चालतं ना! शब्द तिकडच्या गोष्टीला हवाय.

पायमोडका: फ्रेंच आपल्याला जास्त जवळचं. ‘कार्मेन’ ऑपेरामधल्या (१८७५) ‘हाबानेरा’ गाण्याच्या पहिल्या ओळीत ‘रबेल’ (rebelle) शब्द येतो. बोलताना शेवटचा स्वर गिळतात, गाताना त्याला स्वतंत्र सूर मिळतो. माझी आजी बोलताना ‘घर्’ म्हणायची, ओवीत मात्र ‘घ-र’, दोन्ही अक्षरं पूर्ण. अभंगाचं ६-६-६-४ पाय मोडून मोजा, जमणारच नाही. फरक एवढाच की फ्रेंच ओळीच्या टोकाचा तो स्वर मोजणीत धरत नाहीत, ओळ आठाचीच राहते.

टाचणी: त्या गिळलेल्या स्वराला ‘मूक’ म्हणू की ‘मुका’?

उंबरठा: मूक. ‘मुका’ वाचून पापा आठवतो.

दीडमात्रा: मुका माणूस म्हणतोच की आपण. मुका.

सासष्टीकर: ‘नाताल’ पाहून राहवलं नाही. आमचा नाताळ पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, मूळ अर्थ जन्माचा. सोलेराच्या ओळीतही ‘जन्मभूमी’च आहे.

टाचणी: हे माहीत नव्हतं! पण लेख परवा द्यायचाय. ओळ की चरण?

जुनीवही: सासष्टीकर, मग ‘ल’चा ‘ळ’ कसा झाला? ‘बाल्दे’ची बादली झाली, बादळी नाही.

सासष्टीकर: बादलीत अक्षरांची अदलाबदल झालीय, ते उदाहरण इथे लागू नाही. दुसरं द्या.