मदत हवी आहे: मॉडेलवर बसणारा ब्रिज तोंडात का अडतो?

नमस्कार मंडळी. नांदेडला माझी छोटी डेंटल लॅब आहे. देगलूर, मुखेड, किनवटकडून दातांची मापं (तोंडात घेतलेले ठसे) एसटीनं येतात. अल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या पावडरचं) माप मी पाठवूच देत नाही. आपल्याकडच्या उन्हात त्यातलं पाणी उडून ते आकसतं, म्हणून मॉडेल (दातांची प्लास्टरची प्रतिकृती) तिथंच लगेच ओतायला सांगतो. अडचण आहे सिलिकॉन पुटीच्या (कणकेसारख्या घट्ट रबरी मटेरियलच्या) मापांची. लांब ब्रिज (एकमेकांना जोडलेले कृत्रिम दात) मॉडेलवर छान बसतो, पेशंटच्या तोंडात मात्र अडतो.

माझा संशय ट्रेवर, म्हणजे मापाचं मटेरियल भरून तोंडात ठेवतात त्या साच्यावर आहे. बहुतेक मापं पातळ प्लास्टिक ट्रेमध्ये असतात. असा रिकामा ट्रे अंगठा आणि बोटात धरून दाबा, दोन्ही कडा सहज वाकतात. घट्ट पुटी भरून दाबली की त्या बाहेर फाकतात, तोंडातून काढल्यावर परत आत येतात. मग डाय (मॉडेलवरचा घासलेला दात) गाल-जिभेच्या दिशेनं अरुंद पडते आणि क्राउन (दातावर बसणारी टोपी) घट्ट होतो. काही ट्रेंमध्ये माप कडेनं सुटलेलंही दिसतं, म्हणजे अ‍ॅडहेसिव्ह (माप ट्रेला धरून ठेवणारा गोंद) लावलेलं नसणार.

अ‍ॅक्रिलिकचा स्पेशल ट्रे (त्याच पेशंटच्या तोंडासाठी बनवलेला) मी करून देऊ शकतो: 2-3 मिमी स्पेसर (मटेरियलसाठी मोकळी जागा) ठेवून, आदल्या दिवशीच, म्हणजे त्याचं आकसणं आधीच होऊन जातं. पण त्यासाठी खेड्यातल्या पेशंटला एक खेप जास्त पडते, रोजगार बुडतो. हे मला पटत नाही.

तीन-चार दातांच्या ब्रिजला छिद्रांचा कडक स्टीलचा ट्रे पुरतो का? कुणी प्लास्टिकवरून स्टीलवर आलं असेल तर फिटिंगमध्ये काय फरक पडला, तेवढं सविस्तर सांगा.