मदत हवी आहे: ओढ्यात आसवनीचं सांडपाणी, शेजारी नळयोजनेची विहीर. अर्ज कुणाकडे?

ओढ्याकाठी
गाळप हंगामात वरच्या अंगाच्या आसवनीचं (मळीपासून मद्यार्क काढणारा कारखाना) तांबूस-काळं पाणी ओढ्यात येतं. आता काठावरच्या नळयोजनेच्या विहिरीलाही रंग आणि वास आहे. जिथे जावं तिथे दुसऱ्या कार्यालयाचं नाव सांगतात. जबाबदारी नक्की कुणाची? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवावी का? नमुना आम्हीच भरून दिला तर चालेल का?

भूजलपातळी
जबाबदारी वाटलेली आहे, म्हणून अर्जही वेगवेगळे हवेत, पण एकाच दिवशी. एकाच अर्जाच्या पाच प्रती वाटल्या की प्रत्येक टेबलावर तो 'माहितीस्तव' होऊन पडतो.

ओढ्यात कोण काय सोडतं हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. अर्ज उपप्रादेशिक अधिकाऱ्याला, जल अधिनियम १९७४ च्या कलम २४ चा (ओढ्या-विहिरीत दूषित पदार्थ सोडायला मनाई) उल्लेख करून. त्याआधी मंडळाच्या संकेतस्थळावर त्या आसवनीचं संमतीपत्र (कारखाना चालवायला मंडळाने दिलेली अटींसह परवानगी) शोधा. त्यात सांडपाणी आवाराबाहेर न सोडण्याची अट असेल, तर तिचा क्रमांकच अर्जात घाला. 'प्रदूषण होते' यापेक्षा 'अट अमुक मोडली' याला उत्तर देणं भाग पडतं.

विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे का, हा प्रश्न ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचा. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य कर्मचारी स्रोताची पाहणी करतात, त्यावरून गावाला लाल (जास्त धोका), पिवळं (मध्यम) किंवा हिरवं (कमी धोका) कार्ड मिळतं. तुमचं कार्ड कोणतं ते विचारा. हिरवं असेल तर फेरपाहणी मागा. अहवाल खराब आला की त्याच दिवशी गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांकडे पर्यायी पाण्याची मागणी करा, मंडळाच्या कारवाईसाठी थांबू नका.

नमुना_बाटली
तुम्ही भरलेला नमुना पिण्याच्या पाण्याच्या तपासणीला चालतो, पण ग्रामपंचायतीच्या पत्रासह जलसुरक्षकाकडून (पाण्याचं काम पाहणारा ग्रामपंचायतीचा माणूस) पाठवलात तर पुढे वाद होत नाही. आसवनीवर खटल्यासाठी मात्र तो पुरावा नाही. कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानेच नोटीस देऊन, आस्थापनेच्या माणसासमोर नमुना घेऊन सीलबंद करावा लागतो. अधिकारी आला आणि ओढ्यात सांडपाणीच नसलं तर भेट फुकट जाते. म्हणून सांडपाणी केव्हा सुटतं त्याच्या तारीख-वेळेसह नोंदी आणि फोटो अर्जाला जोडा.

रासायनिक तपासणीला दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा आणि ती अजिबात विसळू नका, आतलं सोडियम थायोसल्फेट (पाण्यातलं क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन) धुऊन जातं. बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. नमुना टीसीएल टाकण्याआधीचा असावा.

आणि एकच नमुना कधीच देऊ नका. सांडपाणी जिथे ओढ्यात मिसळतं त्याच्या वरच्या बाजूच्या विहिरीचाही द्या. तुलना नसेल तर 'इथलं पाणी मुळातच खारट' असं उत्तर येतं. रंग, एकूण विरघळलेले क्षार, क्लोराइड, नायट्रेट यांच्याबरोबर पोटॅशियमही मागा, मळीपासून निघालेल्या सांडपाण्यात ते भरपूर असतं. पिण्याच्या पाण्यात क्षार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. नायट्रेटला ४५ च्या वर सवलत नाही.

टीसीएल_३३
टीसीएल जंतू मारते. रंगाचा थोडा फिकटपणा आला तरी क्षार तसेच राहतात. उकळण्यानेही क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून दाट होतात. एरवी हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम पुरते, पण अशा पाण्यातले सेंद्रिय पदार्थच क्लोरीन खाऊन टाकतात. मात्रा टाकून अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून पाहणारी) करा. ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटरही उरत नसेल तर मात्रा वाढवत बसू नका, ही विहीर नळयोजनेतून तोडायची वेळ आहे. पिशवी जुनी असेल तर आधी टीसीएलचाच नमुना तपासा. क्लोरीन २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये.

ओढ्याकाठी
ओढा पुढे पाटबंधाऱ्याच्या तलावाला मिळतो. तिथेही कळवायचं का?

भूजलपातळी
हो, जलसंपदा विभागाच्या शाखा अभियंत्याला तिसरा अर्ज. तलावातून खालच्या गावांची योजना पाणी उचलत असेल तर त्या ग्रामपंचायतींचे ठरावही जोडून घ्या.