पट्टा पळताना डाळिंबाचा रंग मागे राहतो, काय चुकतंय?

सांगोलेकर: नमस्कार मंडळी. आमच्या पॅकहाऊसमध्ये भगवा जातीच्या डाळिंबाच्या प्रतवारीसाठी पट्ट्याच्या वर ६० सेंमीवर रिअलसेन्स डी४३५ लावलाय, रंग आणि खोली (कॅमेऱ्यापासूनचं अंतर) दोन्ही टिपणारा कॅमेरा. खोलीवरून आकार, रंगावरून डाग, दोन्ही एका दमात मिळावं म्हणून. पट्टा थांबवला की चित्र झकास. पण सेकंदाला अर्ध्या मीटरनं सोडला की फळाच्या पुढच्या कडेवर पट्ट्याचा हिरवा रंग चढतो आणि लाली मागं पट्ट्यावर सांडते. रंग आणि खोलीचं चित्र जुळवणारं अलाइन चालू आहे, कॅलिब्रेशन दोनदा केलं. तोडणी तोंडावर आलीय, लवकर सांगा.

यंत्रवेडा: थांबलेल्या पट्ट्यावर झकास, म्हणजे कॅलिब्रेशन बरोबर आहे. त्याला परत हात लावू नका. गोची वेळेची आहे. अलाइन खोलीचा प्रत्येक ठिपका अवकाशात मांडतं आणि तो रंगाच्या कॅमेऱ्याला कुठं दिसेल ते काढतं, पण दोन्ही फ्रेम एकाच क्षणाच्या आहेत हे धरूनच. सेकंदाला ३० फ्रेम असताना एका फ्रेमचा फरक म्हणजे ३३ मिलिसेकंद, तुमच्या पट्ट्यावर साडेसोळा मिलिमीटर. रंग किती सरकतोय ते मोजा. आणि शेडमध्ये उजेड किती आहे?

सांगोलेकर: आत्ताच फूटपट्टी लावून पाहिलं, १७ मिमीच्या आसपास. उजेड म्हणाल तर वर दोन ट्यूब, बस्स.

यंत्रवेडा: मग तेच. ऑटो एक्सपोजर प्रायॉरिटी ही कॅमेऱ्याची सेटिंग चालू असली की कमी उजेडात एक्सपोजर (एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ) लांबतं, रंगाच्या फ्रेमचा वेग उतरतो आणि खोलीच्या ताज्या फ्रेमला रंगाची शिळी फ्रेम चिकटते. ती आधी बंद करा. डीसीवर चालणाऱ्या एलईडी पट्ट्या दोन्ही बाजूंनी लावा आणि रंगाचं एक्सपोजर २ मिलिसेकंदांवर आणा. तेवढ्यात फळ १ मिमीच सरकतं. दोन्ही फ्रेमचे टाइमस्टॅम्प (टिपल्याची वेळ) छापा, फरक जास्त दिसला तर ती जोडी सरळ टाकून द्या. चुकीच्या रंगावर शेतकऱ्याचा माल खालच्या प्रतीत जाण्यापेक्षा एक फ्रेम गेलेली परवडली.

नाशिकची मेघा: एक भर घालते, दादा. डी४३५चे खोलीचे सेन्सर ग्लोबल शटरचे आहेत, म्हणजे अख्खं चित्र एकाच क्षणी टिपणारे, रंगाचा मात्र रोलिंग शटरचा. तो ओळीओळीनं टिपतो, म्हणून पळतं फळ थोडं वाकडं येणारच. पुढंमागं पट्ट्याचा वेग वाढवणार असाल तर डी४५५ बघा, त्यात रंगाचा सेन्सरही ग्लोबल शटरचा आहे.

सांगोलेकर: प्रायॉरिटी बंद केली, एलईडी पट्ट्या लावल्या. सरक ३ मिमीवर आली! लाली फळावरच बसतेय. टाइमस्टॅम्पची चाळणी आज रात्री लिहितो. दोघांचे मनापासून आभार.